ठमी आणि बारा फुटांची वाट

तीन जेसीबीवाले हो म्हणाले आणि तिघांनीही आयत्या वेळी टांग मारली. पहिल्याचा म्हणे पाइप फुटला, दुसऱ्याची आजी वारली आणि तिसऱ्यानं फोन उचलायचंच सोडून दिलं. आजी वारलेला गडी दुसऱ्या दिवशी सकाळी आमेरच्या बस स्टँडवर कचोरी हाणत उभा होता. रत्नप्रभाबाई बसमधून उतरल्या त्या थेट त्याच्यासमोरच. "काय रे, आजींच्या दिवसांचं जेवण इथंच ठेवलंय होय?" त्यांनी भर स्टँडवर विचारलं. त्याच्या हातातला द्रोण खाली पडला.

"मॅडम, माफ करना," तो पुटपुटला. "सांवरमलजी का इलाक़ा है. हमें यहीं धंधा करना है."

तर असा सगळा मामला होता. सांवरमल हा जमिनीचा दलाल. आमेरच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी त्यानं आजूबाजूचे सगळे प्लॉट गिळले होते. मधला एकच राहिला होता, तो रत्नप्रभा खांबेटे यांचा. नवऱ्याच्या नावावर नाही, सासऱ्यांच्या नावावर नाही. स्वतःच्या नोकरीच्या पैशातून, पंधरा वर्षांपूर्वी, स्वतःच्या सहीनं घेतलेला. प्लॉटपर्यंत जायला बारा फुटांची एकच वाट. ती वाट खरेदीखतात होती, नकाशात होती, पण एका सकाळी बघतात तर वाटेवर राडारोड्याचा हा एवढा डोंगर! जुन्या घरांच्या विटा, दगड, चुना, फरशांचे तुकडे, सगळं रातोरात ट्रॉल्यांनी आणून ओतलेलं.

पोलीस चौकीत गेल्या, तर तिथला माणूस म्हणाला, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. कोर्टात वकील म्हणाला, तारीख मिळेल, पण तोवर वाट वर्षभर बंद राहिली की लोक म्हणतील इथं वाट नव्हतीच. चौकीतल्या माणसानं निदान सांवरमलला बोलावून विचारलं. सांवरमल हात जोडून हसला आणि त्यानं लिहून दिलं, की सदर मलबा माझा नाही, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. रत्नप्रभाबाईंनी त्या कागदाची प्रत मागून घेतली. आता तो कागद घेऊन काय लोणचं घालायचंय, असं त्यांचे यजमान नंदकिशोरराव म्हणाले. पण बाईंची तीस वर्षं विमा कंपनीच्या मोटार क्लेम खात्यात गेली होती. समोरच्यानं सही करून दिलेला कागद त्या कधीच फेकायच्या नाहीत.

"विकून टाकू या गं," नंदकिशोरराव म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, भांडणाचा वास आला तरी चप्पल शोधणारे. "प्रताप नगरात आपल्याला काय कमी आहे? भाजी खाली, डॉक्टर खाली."

"घरमालकही खालीच," बाई म्हणाल्या. "परवा मी दाराला तोरणासाठी एक खिळा ठोकला तर वर आला विचारायला. अहो, अकरा घरं झाली! कऱ्हाड, नागपूर, इंदूर, इथली चार. अकरा घरांत मी मालकाला विचारून खिळे ठोकले. आता मला माझ्या भिंतीत माझ्या मनाला येईल तिथं खिळा ठोकायचाय. ती जागा गेली तर मी काय करू? बाराव्या घराच्या मालकाला विचारू?"

एवढं बोलून त्यांनी तावातावानं चार वाट्या तांदूळ जास्त धुतले. दोन दिवस दोघांनी फोडणीचा भात खाल्ला.

तिसऱ्या दिवशी बाई ट्रान्स्पोर्ट नगरात रशीदभाईच्या गॅरेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. रशीदभाईची बिलं त्यांनी वीस वर्षं कापली होती. दोन दरवाजांच्या डेंटिंगचे पैसे लावले की एक दरवाजा खोडायचा, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे रशीदभाई त्यांना घाबरूनही होता आणि मानूनही होता. सगळी कहाणी ऐकून त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"जेसीबी विसरा," तो म्हणाला. हे सगळं हिंदीत चाललं होतं, पण आपण आपल्या भाषेत ऐकू. "दुसऱ्याचं मशीन म्हणजे दुसऱ्याची मर्जी. माझ्याकडे मागे एक चीज पडलीय. बघा, हसू नका."

मागे ताडपत्रीखाली एक ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टर कसला, ट्रॅक्टरचं पोर! उंची बाईंच्या खांद्याइतकी. पण पुढे दोन दंडांवर लोखंडी बकेट आणि मागे खोदायचा लांब हात, कोपरातून दुमडलेला. कुठल्याशा मोठ्या हॉटेलनं हिरवळी आणि कारंज्यांच्या कामासाठी परदेशातून मागवलेला, हॉटेल विकलं गेलं तसा हाही भंगाराच्या भावात बाहेर पडला. इकडे कुणी तो घेईना, कारण शेताला हा फार लहान आणि बागेला फार मोठा.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पातळ कागद काढला, चॅसिस नंबरवर धरला आणि पेन्सिल घासून छाप घेतला. चोरीच्या गाड्यांचे नंबर ठोकून बदलतात, पण पेन्सिलीच्या छापात ती ठोकाठोकी दिसते. छाप कागदपत्रांशी जुळला. मग त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे. मी येण्याआधी चालू करून ठेवला होतास ना?"

"बाईसाहेब, तुम्हाला ताटकळत ठेवायला नको म्हणून..."

"मी थांबते. थंड होऊ दे. थंड असताना सुरू झाला तरच घेईन. चहा सांग, बिनसाखरेचा."

दोन तास बाई स्टुलावर बसून राहिल्या. रशीदभाईची अगदी गोची झाली. तेवढ्या वेळात बाईंनी सगळी तपासणी उरकली. तास मोजायचं घड्याळ बंद होतं, पण पायाखालच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं, म्हणजे काम भरपूर झालेलं. मागचा हात दोन्ही हातांनी धरून हलवला तर सांध्यातून खडखड आली, म्हणजे पिना झिजलेल्या. एके ठिकाणी रंग नवा कोरा होता. बाईंनी अंबाड्यातला आकडा काढून तो रंग खरवडला आणि खाली वेल्डिंगची वेडीवाकडी शिवण निघाली.

"हा काय प्रकार?"

"अरे देवा," रशीदभाईनं कपाळाला हात लावला. "रिटायर झाल्या तरी सोडेनात!"

पिना नव्या, शिवणीवर जाड पट्टी, तेलाच्या नळ्या सगळ्या बदलून, या अटीवर सौदा ठरला. इंजिन मात्र थंड असतानाही पहिल्या फटक्यात सुरू झालं. बुटकी, ठणठणीत आणि आवाजानं खणखणीत. "ठमीच आहे अगदी," बाई म्हणाल्या, आणि ते नाव चिकटलं. आठ दिवस गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत रशीदभाईनं त्यांना शिकवलं. एकसष्ट वर्षांची बाई, नऊवारी नाही पण पाचवारी साडी खोचलेली, डोक्यावर ऊन लागू नये म्हणून क्रिकेटची टोपी, आणि हाताखाली चार दांडे. ट्रकवाले जेवण सोडून बघायला यायचे.

"बघा, बघा," बाई ओरडायच्या. "तिकीट नाहीये!"

ठमी आमेरला एका गेस्ट हाउसच्या आवारात उभी राहिली. रोज सकाळी खांबेटे पतिपत्नी प्रताप नगरहून दोन बस बदलून यायचे. पहिल्या दिवशी बाईंनी कुंकू लावलं, बकेटच्या काठावर नारळ फोडला आणि डोंगराचा पहिला घास घेतला. राडारोडा उचलायचा, मागे यायचं, वाटेच्या कडेला ओतायचा. सांवरमलचं ऑफिस रस्त्यापलीकडेच होतं. त्याची माणसं बाहेर येऊन खो खो हसली. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली आणि हसणं थांबलं.

दुसऱ्या सकाळी वाटेवर पुन्हा डोंगर!

नंदकिशोरराव परत बस स्टँडकडे वळले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण हात मात्र पर्सकडे गेले. "हा कॅमेरा. तुम्ही आजचा पेपर हातात धरून ढिगाऱ्यापाशी उभे राहा. तारीख दिसली पाहिजे."

"मी? मी कशाला? मला लोक हसतील."

"हसू देत. हसायला जमले तर साक्षीदार म्हणून उपयोगी पडतील."

तेव्हापासून रोजचा क्रम ठरून गेला. रात्री सांवरमल टाकायचा, सकाळी या काढायच्या. नंदकिशोररावांचा रोज एक फोटो, हातात पेपर, चेहऱ्यावर लग्नात रुसलेल्या जावयाचा भाव. पाचव्या दिवशी सांवरमलनं वेगळी चाल केली. वाटेच्या मधोमध एक अखंड शिळा आणून टाकली, म्हशीएवढी. ठमीनं बकेट लावली, इंजिन घुमलं, शिळा हलली नाही. मागची चाकं मात्र जमिनीवरून उचलली गेली.

रस्त्यापलीकडून टाळ्या आल्या. सांवरमल स्वतः खुर्ची टाकून बसला होता. "मॅडमजी," तो गोड आवाजात म्हणाला, "हे बाईमाणसाचं काम नाही. खेळणं घेऊन घरी जा. प्लॉटसाठी माझा दर अजून तोच आहे."

बाई खाली उतरल्या आणि शिळेभोवती एक फेरी मारून आल्या. मग ठमीला उलटी फिरवली, स्वतःही सीटवर उलट्या वळून बसल्या आणि मागचा हात उघडला. शिळेच्या अगदी कडेला जमिनीत पंजा घातला, जोर लावला... आणि ठमीचं तोंडच आभाळाकडे गेलं! घाईत ठमीच्या बाजूचे दोन लोखंडी पाय जमिनीवर टेकायचे राहिले होते. रशीदभाईनं हजारदा बजावलं होतं, की पाय टेकल्याशिवाय खोदलंत तर माती हलणार नाही, मशीन हलेल.

"अगं उतर! मरशील!" नंदकिशोरराव पेपर टाकून धावले.

"ओरडू नका! पाय राहिले!" बाईंनी दांडा सोडला. ठमी धाडकन खाली आली. क्षणभर त्यांना वाटलं, खरंच काय करतोय आपण हे? पण पलीकडच्या टाळ्या दुप्पट झाल्या होत्या. त्या टाळ्या नसत्या तर बाई कदाचित त्या दिवशी उतरल्याही असत्या. त्यांनी दोन्ही पाय जमिनीत घट्ट रोवले आणि पुन्हा पंजा घातला. या वेळी माती हलली. दोन तास त्या खोदत राहिल्या. शिळेला लागून शिळेएवढाच खड्डा पडला, मग दुसऱ्या बाजूनं पंजाचा एक रेटा, आणि ती म्हैस गडगडत खड्ड्यात गेली. वर माती ओढली, बकेटनं थोपटली, आणि त्याच जागेवरून ठमी एकदा पुढे गेली, एकदा मागे आली.

"उचलता येत नाही ते पुरता येतं," बाई रस्त्यापलीकडे बघून म्हणाल्या. आता टाळ्या वाजवायला तिथं कुणी नव्हतं.

पण रोज रोज हे कुठवर? वाटेच्या दोन्ही कडा भरत आल्या होत्या. राडारोडा ओतायला जागा उरली नव्हती, आणि बाईंची पाठ रात्री विव्हळायची. दहाव्या दिवशी डबा खाताना त्या ढिगाऱ्यावरच टेकल्या. हाताला एक वीट लागली. जुनी, पण अखंड. शेजारी दुसरी. खाली घडीव दगडाचा तुकडा. बाईंचा घास हातातच राहिला.

"अहो," त्या हळू म्हणाल्या. "मी मूर्ख आहे."

नंदकिशोररावांना हो म्हणण्याची सोय नव्हती.

"तीस वर्षं! तीस वर्षं एक क्लेम सॅल्व्हेजशिवाय पास केला नाही मी. गाडीचा चक्काचूर झाला तरी विचारायचे, उरलेल्या सांगाड्याचे किती येतील? आणि इथं दहा दिवस हे सोनं कडेला फेकतेय! आपला प्लॉट रस्त्यापेक्षा किती खाली आहे?"

"गवंडी चार फूट म्हणाला होता. भराव घालायलाच लागेल म्हणाला. पुष्कळ ट्रॉल्या..." नंदकिशोरराव बोलता बोलता थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर, लग्नानंतर पहिल्यांदाच असावं, लबाड हसू आलं. "तो फुकट आणून टाकतोय की गं!"

"आणि तेही घरपोच!"

त्या दुपारपासून ठमीची दिशाच बदलली. राडारोडा उचलायचा आणि कडेला नाही, सरळ आत, प्लॉटवर न्यायचा. मोठे दगड तळाला, त्यावर विटांचा चुरा, त्यावर माती, आणि त्यावरून ठमीच्या चार फेऱ्या. चांगल्या विटा नंदकिशोरराव वेगळ्या रचायचे. आता ते फोटोला स्वतःहून उभे राहायचे, पेपरही नीट इस्त्री केल्यासारखा धरायचे. रोज सकाळी बसमधून उतरताना बाईंना धाकधूक असायची, आज ढीग असेल ना? असायचा. सांवरमल चिडून चिडून जास्त पाठवत होता. ठमीची धूळ आणि घरघर एवढी, की त्याचा कुणी माणूस आत येऊन बघतच नव्हता. त्यांना एवढंच दिसायचं, की म्हातारी रोज उपसतेय आणि अजून थकत नाहीये.

पंचविसाव्या दिवशी तो स्वतः आला. पांढरीशुभ्र नवी जीप घेऊन वाटेच्या तोंडाशी उतरला, आत चालत गेला आणि जागच्या जागी खिळला. जिथं खड्डा होता तिथं आता सपाट, ठोकून बसवलेली जमीन होती. एका बाजूला विटांची रास, दुसऱ्या बाजूला घडीव दगडांची.

"ये तो मेरा माल है!" तो ओरडला.

बाई ठमीवर बसल्या होत्या. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. सदर मलबा माझा नाही, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. खाली सही, तारीख. "ही तुमची सही ना, सांवरमलजी? की चौकीत जाऊन सांगू या, की रोज रात्री वाटेवर टाकणारे तुम्हीच? फोटो आहेत. पेपरसकट. तेवीस."

"चोवीस," नंदकिशोरराव म्हणाले. "आजचा धरून."

सांवरमलचा चेहरा लालबुंद झाला. रस्त्यापलीकडे त्याची माणसं, गेस्ट हाउसचे नोकर, दोन रिकामे रिक्षावाले, सगळे गोळा झाले होते. तो ताडताड चालत गेला, जीपमध्ये बसला आणि ती वाटेच्या तोंडाशी आडवी लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग खाली उतरून दाराला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून. "आता काढा बाहेर तुमचं खेळणं. बघतोच कसं काढता."

बाईंनी ठमीला गियरमध्ये घातलं. बकेट गुडघ्याएवढी उचलली. ठमी सावकाश, खडखडत, जीपच्या दिशेनं निघाली.

"ए बाई! नवीन गाडी आहे!"

"दिसतंय की," बाई म्हणाल्या. आवाज अगदी ऑफिसातला, खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलायचा. ठमी पुढे येतच होती. "हे दार आत जाईल, मधला खांब वाकेल. खांब वाकला की छप्पर ओढलं जातं, मग काच राहत नाही. सीटखालचा सांगाडा तिरका होणार, आणि तो एकदा तिरका झाला की गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. मी अशा शेकड्यानं पाहिल्यात. हां, तुमचा विमा असेलच."

"आहे!" सांवरमल किंचाळला. तो आता दाराला टेकलेला नव्हता.

"मग सर्व्हेअर येईल. पहिला प्रश्न विचारेल, गाडी कुठं उभी होती? वाटेत आडवी. कुणाच्या? खरेदीखतातल्या. चालकानं मुद्दाम लावली का? इथं वीस माणसं आहेत सांगायला. झालं! क्लेम नामंजूर. मी असते तर शेरा लाल शाईनं मारला असता."

बकेटचे दात दारापासून वीतभर अंतरावर येऊन थांबले. ठमी जागच्या जागी थरथरत धूर सोडत होती. तेवढ्यात नंदकिशोरराव कॅमेरा घेऊन पुढे झाले. भांडणाचा वास आला की चप्पल शोधणारा माणूस, थेट सांवरमलच्या पुढ्यात गेला आणि अदबीनं म्हणाला, "भाईसाहब, ज़रा बायीं तरफ़ हो जाइए. नंबर प्लेट नहीं आ रही."

गर्दीतला एक रिक्षावाला फिसकन हसला. मग दुसरा. मग सांवरमलची स्वतःची माणसंसुद्धा तोंड फिरवून हसू लागली. सांवरमलनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग जीपमध्ये बसून गियर करकरवत गाडी मागे घेतली. मुकाट्यानं, दोनदा मागेपुढे करत. बारा फुटांची वाट पुन्हा बारा फुटांची झाली.

"सांवरमलजी!" बाईंनी सीटवरून हाक मारली. "थांबा ना, एक राहिलंच. मागचा कोपरा अजून दीड फूट कमी पडतोय. उद्या दोन ट्रॉल्या जास्त पाठवा. आणि शक्यतो विटांच्या पाठवा, चुना फार येतोय!"

जीप धूळ उडवत गेली. माणसं पांगली. नंदकिशोरराव आत जाऊन विटांच्या राशीवर बसले. बाईंनी ठमीही आत आणली. ती अजून गुरगुरत होती.

"चल गं," शेवटी ते म्हणाले. "दमलीस. घरी जाऊ."

बाईंनी बकेट खाली टेकवली आणि समोरचा ढीग सपाट करायला घेतला.

"घरीच आहोत," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढे त्या विटांवरून उठा, त्या माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत जायच्यात."